मेस्त्रीच्या तोंडून : हैदराबादच्या बांधकामांवरील संवाद

मोठ्या बांधकामावरची सूचना नकाशातून निघून सळई बांधणाऱ्याच्या हातापर्यंत पोचेस्तोवर चार-पाच तोंडे बदलते. सल्लागाराचा नकाशा इंग्रजीत असतो. साइट इंजिनिअर तो वाचून सुपरवायझरला समजावतो, सुपरवायझर मेस्त्रीला हिंदीत सांगतो आणि मेस्त्री आपल्या टोळीला घरच्या भाषेत. हैदराबादच्या पश्चिमेला गच्चीबावली, नानकरामगुडा, कोकापेट, तेल्लापूर या पट्ट्यात उंच मनोऱ्यांची रांग उभी राहते आहे आणि तिथे ही साखळी जितकी लांब तितकीच बहुभाषी आहे. वाटेत काय गळते, काय बदलते आणि खालचे काय वर पोचतच नाही, यावर कामाचा दर्जा आणि माणसांचे जीव दोन्ही अवलंबून असतात.

टोळ्या बहुधा प्रांतवार असतात. ॲल्युमिनियमच्या साच्यांच्या आणि सळईच्या कामात बिहार, झारखंड, ओडिशा, पश्चिम बंगालचे कामगार मोठ्या संख्येने दिसतात. फरशी-संगमरवराचे कारागीर पुष्कळदा राजस्थानचे असतात, तर बिगारी कामावर तेलंगणातल्याच कोरडवाहू भागांतली जोडपी. नांदेड, देगलूर, उदगीरकडून आलेला मराठी मजूर या शहराला जुना आहे. 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता आणि हैदराबाद ही त्याची राजधानी होती. या सगळ्यांना जोडते ती दखनी वळणाची हिंदी. ‘नक्को’ आणि शब्दाला चिकटणारा ‘च’ ही मराठीचीच देणी तिच्यात असल्याने मराठी माणूस तिच्यात लवकर रुळतो. मालद्याहून नुकत्याच आलेल्या बंगाली तरुणाला तसे जमत नाही. पहिले काही महिने तो मेस्त्रीच्याच कानांनी ऐकतो.

ही मेस्त्री-व्यवस्था नवी नाही. तेलंगणातल्याच महबूबनगरचे जुने नाव पालमूर, आणि धरणे-कालव्यांच्या कामांवर ‘पालमूर लेबर’ हे नाव देशभर माहीत होते. टोळीचा मेस्त्री गावात आगाऊ रक्कम वाटायचा, माणसे जमवायचा आणि कामावर घेऊन जायचा. ऊसतोडीच्या टोळीत मुकादमाचे आणि उचलीचे जे स्थान आहे, तेच इथे मेस्त्रीचे आणि त्याच्या आगाऊ रकमेचे. ओडिशात याच पद्धतीला दादन म्हणतात. तिथल्या मजुरांच्या हालांतूनच 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा पुढे आला. म्हणजे या व्यवस्थेत भरती, कर्ज, मजुरीवाटप आणि दुभाष्याचे काम ही चारही कामे एकट्या मेस्त्रीकडे एकवटली आहेत. संवादाचा विचार करताना यातले फक्त दुभाष्याचे काम डोळ्यांसमोर ठेवले जाते, आणि पुढचे सगळे उपाय त्यामुळेच तोकडे पडतात.

वरून खाली येणारी माहिती पोचवण्याची साधने बरीच चांगली आहेत. नकाशात सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये असतो आणि कारागिराच्या तोंडी सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे 3.2 मिमी. 10 मिमीची सळई तीन सूत, 12 ची चार, 16 ची पाच. हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या पक्का आहे आणि त्याने सहसा घोळ होत नाही. घोळ होतो तो दोन सळयांमधल्या अंतराचा आणि नकाशाच्या जुन्या प्रतीचा. ऑफिसात सुधारित नकाशा येतो, पण मेस्त्रीच्या खिशात घडी घालून ठेवलेला कागद आधीचाच असतो. जुन्या प्रती मोजून परत घेणे आणि मगच नव्या देणे हा त्यावरचा साधा नियम. सळईच्या वाकांचा तक्ता, म्हणजे बार बेंडिंग शेड्यूल, प्रत्येक तुकड्याचा आकार चित्राने दाखवतो, त्यामुळे अक्षरओळख नसलेला कारागीरही तो अचूक वाचतो. बांधकामावर चित्राइतकी भरवशाची भाषा दुसरी नाही.

क्रेनच्या बाबतीत चूक सुधारायला वेळच मिळत नाही. टॉवर क्रेनचा ऑपरेटर उंचावरच्या केबिनमध्ये असतो आणि पुष्कळदा त्याला भार दिसतच नाही; तो खाली उभ्या असलेल्या सिग्नलमनच्या खुणांवर किंवा वॉकीटॉकीवर चालतो. तर्जनी वर करून हात गोल फिरवला तर भार उचलायचा, तर्जनी खाली करून फिरवला तर उतरवायचा. पण अमेरिकी आणि ब्रिटिश मानकांतले खुणांचे संच तंतोतंत सारखे नाहीत आणि दोन वेगवेगळ्या ठेकेदारांकडून आलेले सिग्नलमन दोन रिती शिकलेले असू शकतात. म्हणून एका साइटने एकच संच ठरवून त्याची चित्रे क्रेनच्या पायथ्याशी रंगवावीत. हुकूम एकाच माणसाने द्यायचा, पण ‘थांब’ ही खूण कोणीही केली तरी क्रेन थांबलीच पाहिजे. वॉकीटॉकीवर सूचना सतत चालू ठेवायची आणि आवाज तुटला की भार जिथल्या तिथे रोखायचा. शेजारच्या क्रेनचा चॅनेल वेगळा हवा. ‘थांब’ म्हणण्याचा हक्क सगळ्यात नव्या हेल्परलाही देणारा हा नियम साऱ्या बांधकामावर लागू व्हायला हवा, कारण धोका आधी त्यालाच दिसतो.

स्लॅबच्या दिवशी ताण वेगळा असतो. तयार काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार, आयएस 4926 नुसार, गाडीत माल भरल्यापासून साधारण दोन तासांत तो ओतला गेला पाहिजे. हैदराबादच्या वाहतुकीत गाडी अडकली की माल घट्ट होऊ लागतो आणि पंपावरचा माणूस पाणी मारायला सांगतो. त्या पाण्याने काँक्रीटची ताकद घटते, हे इंजिनिअरला माहीत असते. पंपावरच्या माणसाला ते कोणी सांगितलेलेच नसते. त्याला फक्त पाणी मारायला मनाई असते. कारणाशिवाय सांगितलेली मनाई रात्री दोन वाजता टिकत नाही. टेकू काढण्याचेही तसेच आहे. आयएस 456 प्रमाणे, साध्या सिमेंटसाठी, 4.5 मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवस ठेवायचे असतात. 6 मीटरवरच्या तुळईला 21 दिवस. सेंट्रिंगच्या टोळीला साहित्य पुढच्या मजल्यावर न्यायची घाई असते. तोंडी परवानगी इथे घातक ठरते. काँक्रीट ओतल्याची तारीख त्या-त्या खांबावर ठळक आकड्यांत लिहिणे आणि सही झालेल्या कागदाशिवाय एकही टेकू न हलवणे, ही दोन कामे कोणत्याही भाषणापेक्षा उपयोगी आहेत.

आता उलट दिशेची वाट. टोळीतल्या माणसाला परांची हलताना दिसते, पट्ट्याचा हूक झिजलेला दिसतो, ओव्हरटाइमचे पैसे कमी आल्याचे कळते. हे त्याने सांगायचे कोणाला? मेस्त्रीला. पण त्याची उचल फिटायची आहे ती मेस्त्रीकडेच, आणि मेस्त्रीला ठेकेदाराकडून बिल सुटायचे आहे. काम थांबेल अशी बातमी या साखळीत कोणालाच परवडत नाही. सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या छोट्या सुरक्षा-बैठकीत, सुरक्षा अधिकारी विचारतो, ‘समझ में आया?’ आणि पन्नास माना हलतात. त्यातून कोणाला काय समजले याचा पत्ता लागत नाही. ज्याला कळले नाही तो हात वर करत नाही, कारण हात वर केल्याची आठवण दुसरा कोणी ठेवतो.

ही वाट बुजली की काय होते, ते 2020 च्या एप्रिलमध्ये हैदराबादजवळच दिसले. संगारेड्डी जिल्ह्यात कंदी येथे आयआयटी हैदराबादच्या आवारातील बांधकामावर परराज्यांतले दोन हजारांहून अधिक कामगार टाळेबंदीत अडकले होते. जागेवरच राहणाऱ्या मजुरांकरवी कामे सुरू करायला 20 एप्रिलपासून मुभा मिळाली होती. कामगारांच्या मागण्या दोनच होत्या : थकलेली मजुरी आणि घरी जाऊ देणे. 29 एप्रिलला त्यांचा उद्रेक झाला, पोलिसांवर दगडफेक झाली आणि मगच प्रशासन थकलेल्या मजुरीकडे वळले. त्याच दिवशी केंद्रीय गृह मंत्रालयाने अडकलेल्यांच्या प्रवासाला परवानगी देणारा आदेश काढला. 1 मेच्या पहाटे लिंगमपल्लीहून झारखंडच्या हटियाला सुमारे 1,200 कामगारांना घेऊन देशातली पहिली श्रमिक विशेष गाडी सुटली. कंदीचे अनेक कामगार तिच्यात होते. मजुरी आणि घर ही दोन्ही वाक्ये कोणत्याही भाषेत कळण्याजोगी होती. ती ऐकून निर्णय घेऊ शकेल असा माणूस त्यांना वेळेत भेटला नाही.

कायद्याने या गोष्टीची दखल घेतली आहे, पण अर्धवट. 1996 च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने 500 वा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी सुरक्षा समिती बंधनकारक केली आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असू नयेत असे म्हटले. मजुरी आणि कामाच्या वेळांचे फलक बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावावेत, असा नियमही आला. मात्र जिथे सहा भाषांच्या टोळ्या आहेत तिथे ‘बहुसंख्य’ या शब्दाने पाच टोळ्या फलकाबाहेर राहतात. याबाबत अमेरिकेतील कामगार सुरक्षा प्रशासनाची 2010 ची भूमिका नेमकी आहे : प्रशिक्षण कामगाराला समजणाऱ्या भाषेत आणि शब्दांत दिले नसेल, तर ते दिलेच नाही असे मानायचे. सिंगापूरमध्ये बांधकामावर येणाऱ्यांचे सुरक्षा प्रशिक्षण तमिळ, बंगालीसह अनेक भाषांत चालते. तिथे शिकून परतलेले तेलुगू आणि तमिळ कामगार हैदराबादच्या साइटवर सापडतात. त्यांना सिग्नलमन किंवा सुरक्षा साहाय्यक करणे शहाणपणाचे ठरेल.

उपाय तसे महाग नाहीत. सूचना दिल्यावर मान हलवून न घेता ती ऐकणाऱ्याकडून परत म्हणवून घ्यावी, किंवा करून दाखवायला लावावी. प्रत्येक भाषेच्या टोळीतून एक जण निवडावा, तो मेस्त्रीचा नातलग नसावा, आणि त्याला या कामाचे वेगळे पैसे मिळावेत. तक्रारीसाठी व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवता यावा, म्हणजे लिहिता न येणारा अडत नाही. उत्तरही त्याच भाषेत आणि ठरलेल्या मुदतीत जावे. मजुरी थेट बँक खात्यात जमा झाली की मेस्त्रीच्या चार कामांतले एक सुटते, आणि माणूस मेस्त्रीला वगळूनही बोलू लागतो. या साऱ्यांत सगळ्यात परिणामकारक उपाय हा शेवटचाच.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या असून 1996 चा कायदा त्यांपैकी व्यवसाय-सुरक्षा संहितेत सामावला आहे. तिच्यात कामगाराला नियुक्तीपत्र देण्याची तरतूद आहे. हैदराबादच्या विकासकांनी आणि ठेकेदारांनी हे पत्र ओडिया, बंगाली, हिंदी, तेलुगू, मराठी अशा कामगाराच्या स्वतःच्या भाषेत छापावे, त्यावर मजुरीचा दर आणि मेस्त्रीखेरीज आणखी एका जबाबदार माणसाचा फोन नंबर द्यावा, आणि ते पहिल्या दिवशी त्याला वाचून दाखवावे.