मिनास तिरिथ, उदगीर आणि शेणाचे गोकुळ

मिनास तिरिथ नावाचे शहर पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नाही. जे. आर. आर. टोल्किन यांनी ते कागदावर रचले, १९५४-५५ साली तीन खंडांत आलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीत. डोंगराच्या सोंडेला बिलगून चढत जाणारे सात कोट, प्रत्येक कोटाला एक वेस, आणि एकही वेस दुसरीच्या समोर नाही. पहिली पूर्वेला, दुसरी आग्नेयेला, तिसरी ईशान्येला. वर जाणाऱ्याला डोंगरावर येरझारा घालतच चढावे लागते. जवळपास पन्नास वर्षांनी न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला हे शहर खरोखर बांधले गेले, फक्त बहात्तर पटीने लहान. साडेपाच फुटी माणूस त्याच मापाने लहान केला, तर सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास भरेल. शहर मात्र माणसाच्या डोक्यावर कितीतरी उंच गेले होते.

पीटर जॅक्सन यांच्या २००१, २००२ आणि २००३ साली आलेल्या तीन चित्रपटांसाठी हे काम झाले. चित्रकार ॲलन ली आणि जॉन हाउ यांनी नगरांची रूपे रेखाटली. रिचर्ड टेलर आणि टानिया रॉजर यांच्या वेटा वर्कशॉपमधल्या कारागिरांनी ती हातांनी घडवली. हेल्म्स डीप हा किल्ला १:३५ या मापाचा. मिनिएचर म्हणावे तर ही कामे अवाढव्य, म्हणून तिथल्या लोकांनी त्यांना ‘बिगेचर’ असे नाव पाडले. या प्रतिकृतींचे चित्रीकरण ॲलेक्स फंक यांनी केले आणि दुसऱ्या व तिसऱ्या चित्रपटाच्या दृश्यपरिणामांसाठी मिळालेल्या ऑस्करमध्ये त्यांचाही वाटा आहे.

या कामातली खरी अडचण समजून घेण्यासारखी आहे. दगड लहान करता येतो, भिंत लहान करता येते, खिडकीची चौकटही करता येते. धूळ, धूर, ज्वाळा आणि पाणी लहान होत नाहीत. छोट्या बुरुजावरून निखळलेला तुकडा क्षणात खाली येतो आणि पाहणाऱ्याला कळते की हे खेळणे आहे. म्हणून अशा वेळी कॅमेरा नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त वेगाने चालवतात, म्हणजे पडद्यावर तो तुकडा सावकाश, वजनदार होऊन कोसळतो. १:७२ या मापाला हा वेग हिशेबाने साडेआठ पटींच्या घरात जातो.

त्याच काळात वेटाने अमेरिकेतल्या साइडशो कंपनीबरोबर या नगरांच्या आणखी लहान, टेबलावर ठेवता येतील अशा प्रतिकृती विकायला सुरुवात केली. शिल्पकार मूळ नमुना कोरतो, त्यावर सिलिकॉनचा साचा घेतात, साच्यात दगडाची पूड मिसळलेले रेझिन ओततात, आणि बाहेर आलेला तुकडा माणसे ब्रशने रंगवतात. ठरावीक संख्येत निघालेल्या या वस्तू पुढे मूळ किमतीच्या कित्येक पट भावाने हातोहात फिरल्या. लेगो कंपनीने टोल्किनच्याच जगातल्या ठिकाणांचे संच काढले: २०२३ साली रिव्हेंडेलचा ६,१६७ तुकड्यांचा, २०२४ साली बराद-दूरचा ५,४७१ तुकड्यांचा. २०२३ साली रिव्हेंडेलची अमेरिकेतली किंमत जवळपास ५०० डॉलर होती, म्हणजे आपल्याकडे चाळीस हजारांच्या वर.

कधी न पाहिलेल्या, पाहता येणारच नाही अशा शहरासाठी माणूस एवढे पैसे का मोजतो? मला वाटते, चित्रपटात ते शहर दिग्दर्शक दाखवील तेवढेच दिसते. टेबलावरच्या शहराभोवती मात्र आपण फिरू शकतो. या वेशीतून आत शिरलो तर त्या चौकात कसे पोहोचू, हे बोटाने शोधू शकतो. अख्खे नगर एका नजरेत येते आणि तरी त्यातली प्रत्येक गल्ली उरतेच.

या ओढीला आपल्याकडे फार जुनी वाट आहे. नांदेड-लातूरकडच्या शेतकरी घरांत दिवाळीच्या दिवसांत पाडव्यापर्यंत अंगणात शेणाच्या गवळणी घालतात. पहाटे सडा पडला की घरातली आजी किंवा सून ताज्या शेणाचा गोळा घेऊन बसते. तळहातावर मळून बोटभर उंचीची एक बाई उभी राहते. हिच्या डोक्यावर घागर, तिच्यापुढे डेरा आणि रवी, एक जात्यावर बसलेली, एक चुलीपुढे. अंगठा दाबून केलेल्या इवल्या वाडग्यांत खरे दूध-दही पडते. भोवती शेणाचाच गोठा, गाई, आत-बाहेर करायला दार. डोक्यांत कुरडूचे तुरे आणि झेंडूच्या पाकळ्या खोचल्या की गोकुळ भरले. पाडव्याला पांडव घालतात.

हे गोकुळ घालणाऱ्या बहुतेक बायकांनी यमुनेचा काठ पाहिलेला नसतो. त्यांच्या गोकुळातला गोठा आपल्या शेतातल्या आखाड्यावरच्या गोठ्यासारखा असतो, गवळण आपल्यासारखी बसते. वेलिंग्टनच्या कारागिरांनीही हेच केले. मिनास तिरिथचे रूप ठरवताना फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे माँ सां-मिशेल त्यांच्या डोळ्यांपुढे होते. कल्पनेतल्या नगराला दगड-माती पुरवायला कुठले तरी खरे गाव लागतेच.

महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांतही प्रतिकृतींची ही ओढ दिसते. मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांच्यापुढचा देखावा हा घराघरांतल्या चुरशीचा विषय असतो: देवळे, वाडे, अख्खे खेडे. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लास्टिकबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आणली, तेव्हा या कामाचे मुख्य साहित्यच गेले. मला त्या बंदीचे वाईट वाटत नाही. पुठ्ठा कापताना भिंतीची जाडी ठरवावी लागते. थर्माकोलमध्ये ती आयती मिळायची. चित्रपटाचा हातही या देखाव्यांवर फिरला आहे. एस. एस. राजामौली यांचा ‘बाहुबली’ २०१५ साली आला, दुसरा भाग २०१७ साली. त्यातली माहिष्मती नगरी साबू सिरिल यांनी हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीत उभारली, आणि लवकरच तिची प्रवेशद्वारे गणेश मंडळांच्या मांडवांना लागली. नांदेडकरांना हैदराबाद मुंबईच्या निम्म्या अंतरावर, त्यामुळे हा सेट अनेकांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिला. माहिष्मती हे नाव तसे खऱ्या प्राचीन नगरीचे. अहिल्याबाईंचे महेश्वर तेच, असे बरेच अभ्यासक मानतात.

आता किल्ल्यांकडे वळतो, कारण दिवाळीतली आपली सर्वांत ठसठशीत प्रतिकृती तीच. दिवाळीचा किल्ला मूळ पुणे, सातारा, कोल्हापूरकडचा. आता तो स्पर्धांच्या निमित्ताने इकडेही चांगला रुजला आहे. पण लातूरच्या मुलाने केलेला किल्ला रायगड असतो, नाहीतर प्रतापगड. महाराजांचे गड मुलांनी करावेत, आनंदाने करावेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यांत मराठवाड्यातला एकही नाही, आणि मराठ्यांच्या लष्करी भूगोलाचा विषय असल्याने त्यात गैरही काही नाही. माझी खंत वेगळी आहे. ज्या मुलाच्या शाळेच्या वाटेवर औशाचा किंवा कंधारचा कोट आहे, त्याने तो कोट कधी मापून, मांडून पाहिलेला नसतो. आणि टोल्किनच्या नगरांनी भारावलेल्या तरुणाला ही नगरे मराठवाड्यात दगडात उभी आहेत, हे कोणी सांगितलेले नसते.

देवगिरी घ्या. सुमारे दोनशे मीटर उंचीचा सुळका, खालून तासून उभा केलेला कडा, कड्याभोवती खंदक, आणि पायथ्याशी एकात एक अंबरकोट, महाकोट, काळाकोट. दरवाजे वळणावळणाचे, शेवटी खडकातली अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट. मिनास तिरिथच्या वेशी एका ओळीत नाहीत याचे वाचकाला नवल वाटते. देवगिरीला जाऊन आलेल्याला ते वाटू नये. दुसऱ्या चित्रपटात हेल्म्स डीपची भिंत पाणी वाहून नेणाऱ्या मोरीत दारू पेरून उडवतात, ते दृश्य जगभर गाजले. १६३३ साली महाबतखानाच्या मोगल फौजेने देवगिरीला वेढा घातला, तेव्हा अंबरकोटाची भिंत सुरुंग लावूनच फोडली होती. चित्रपटात नदीच्या दोन्ही तीरांवर अर्गोनाथचे महाकाय दगडी राजे उभे आहेत, त्यांच्याही प्रतिकृती विकल्या गेल्या. आपल्या कंधारला महाकाय क्षेत्रपालाच्या मूर्तीचे भग्न अवयव सापडले आहेत, आणि जे उरले त्यावरून ती उभी असताना काय दिसत असेल, याचा अंदाज करतानाच छाती दडपते. नळदुर्गला बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात महाल आहे, वरून नर-मादी धबधबे कोसळतात. हे कोणी कादंबरीत लिहिले असते, तर आपण त्याच्या कल्पनाशक्तीला दाद दिली असती.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत माहूरगड हा नावाजलेला डोंगरी किल्ला. उदगीर, औसा, कंधार हे भुईकोट. नांदेडचा नंदगिरी गोदावरीकाठी. त्यात पुढे शहराच्या पाण्याच्या टाक्या आल्या. कंधारचा संबंध राष्ट्रकूटांशी, दहाव्या शतकातल्या तिसऱ्या कृष्णाशी जोडतात. गावाजवळचा तलाव शिलालेखातल्या जगत्तुंगसमुद्र या नावाने ओळखला जातो. औसा आणि उदगीर १६३६ साली शहाजहानच्या फौजांनी घेतले. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला नमवले, तेव्हा इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना त्यांच्याकडे होता. पुढच्या जानेवारीत पानिपत झाले.

भुईकोटाची प्रतिकृती डोंगरी किल्ल्यापेक्षा अवघड, आणि म्हणूनच शिकवणारी. डोंगरी किल्ला माती रचून होतो: विटा, गोणपाट, वर चिखलाचा लेप, अळीव पेरले की चार दिवसांत हिरवळ. भुईकोट माती काढून करावा लागतो. त्याची ताकद खंदकात आहे, आणि खंदकाला जमिनीच्या खाली जागा हवी. उदगीरचा खंदक चाळीस फूट खोल सांगतात. १:५०० हे माप धरले तर तो जवळपास अडीच सेंटिमीटर होतो आणि माणूस साडेतीन मिलिमीटर. फरशीच्या अंगणात हे जमत नाही. पुठ्ठ्याचे किंवा प्लायचे थर एकावर एक चिकटवून आधी जमीन उंचवावी आणि मग त्यात खंदक कापावा. इकडची काळी माती वाळली की भेगा पडतात, तेव्हा तिचा मोह सोडावा. गढ्या आणि धाब्याची घरे ज्या पांढऱ्या मातीने लिंपली गेली, ती चाळून, शेण आणि बारीक भुसा घालून मळली तर पातळ लेप टिकतो.

मापे घ्यायला किल्ल्यात जावेच लागते. उपग्रहाच्या चित्रावरून तटाची रेषा मिळते, उंची मिळत नाही. बाहेरची फसील आणि आतला उंच तट यांच्यातली जागा किती, दोन दरवाजांमधल्या रणमंडळात उभे राहिले तर कोणत्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोके, आपल्याकडे रोखलेल्या आहेत, फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेवरून, किती माणसे शेजारी-शेजारी चालतील, देवडीत पहारेकरी कुठे बसत असतील, हे पायी फिरून वहीत टिपायचे असते. शिकवण्यांच्या लातूर पॅटर्नमध्ये तासन्‌तास गुणोत्तर-प्रमाण सोडवणाऱ्या मुलांना एक रविवार औशाच्या तटावर दोरी आणि टेप देऊन सोडले, तर तेच गुणोत्तर त्यांच्या हातात बसेल. किल्ला स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी भुईकोटासाठी वेगळे बक्षीस ठेवावे, असा माझा आग्रह आहे. लातूर १९८२ साली उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला. जिल्हा म्हणून त्याची ओळख शिकवण्या, डाळी आणि १९९३ चा भूकंप यांत अडकून पडली आहे, आणि एवढे दोन कोट असलेल्या जिल्ह्याला ती अपुरी आहे.

सुरुवात औशापासून करावी. त्याची आखणी चौकोनाच्या जवळ जाणारी, आणि किल्ला सखल जागी असल्याने भोवतालच्या चढावरून तो वरून पाहिल्यासारखा दिसतो. रेखाटन करणाऱ्याला याहून सोय काय हवी. मग उदगीर. कंधार शेवटी, हात बसल्यावर, कारण त्याच्या खंदकात पाणी दाखवावे लागेल आणि पाण्याचे गाऱ्हाणे वेलिंग्टनसारखेच इथेही आहे. खरे पाणी एवढ्या छोट्या चरीत काठांना चढते, मध्ये खोलगट दिसते आणि सगळे माप बिघडते. त्याऐवजी पारदर्शक रेझिनमध्ये हिरवट-करड्या रंगाचा थेंब टाकून ते दोन-तीन पातळ थरांत ओतावे. एक थर पुरता घट्ट झाल्याशिवाय दुसरा ओतू नये. एकदम जाड ओतले तर ते तापते, तडकते, आणि तटाच्या पायथ्याचा लेपही सोबत उचलून आणते.