बोटाला सोसेल इतके कोमट

गेल्या मार्गशीर्षात जालना जिल्ह्यातील धावडा या गावी आम्ही एका आप्तांकडे मुक्कामास होतो. घर एकत्र कुटुंबाचे. पंगतीत दही नाही असा दिवस तेथे उजाडत नाही. त्या घरची नात पुण्यास जैविक औषधे तयार करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीस आहे. एके संध्याकाळी तिचा दूरध्वनी आला. सांगितल्याबरहुकूम विरजण लावूनही दही लागत नाही, अशी तक्रार होती.

“दूध किती तापवलंस?” आजींनी विचारले.

“तू म्हणालीस तसं, कोमट. बोटाला सोसेल इतकं.”

“कुणाच्या बोटाला?”

“कुणाच्या म्हणजे? माझ्या!”

“अगं, माझं बोट पन्नास वर्षं चुलीपुढे शेकलंय. तुझं कोमट निराळं, माझं निराळं.”

पलीकडून हसण्याचा आवाज आला. “आजी, आमच्या कारखान्यातही रोज हेच रडगाणं असतं गं!”

हे ऐकून आमचे कुतूहल जागे झाले, आणि दुसरे दिवशी त्या मुलीकडून आम्ही सर्व प्रकरण समजावून घेतले. विरजणात सूक्ष्म जीव दुधातील साखरेचे आम्ल करितात. तद्वतच कारखान्यातील मोठ्या पात्रांत जिवंत पेशी वाढवून त्यांच्याकडून इन्शुलिन, लसी इत्यादी पदार्थ करून घेतात. पिंपरीस १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायॉटिक्समध्ये बुरशीकडून पेनिसिलीन करून घेतले जाई, तेही याच जातीचे काम. अशा उत्पादनाच्या लेखी विधीस यंत्रशास्त्रज्ञ ‘रेसिपी’, म्हणजे पाककृतीच, म्हणतात, हे ऐकून आजींना मोठे समाधान वाटले.

आता अडचण पाहा. एका वहीत ‘तापमान ३७’ असे लिहिलेले असते. ते पात्रातील द्रवाचे, की पात्राभोवती खेळविलेल्या पाण्याचे? दुसरीत ‘प्राणवायू ४०’. हे शेकडा प्रमाण, की लिटरमागे मिलिग्रॅम? तिसरीत ‘ढवळणे, मिनिटास २०० फेरे’. दोन लिटरच्या पात्रात हे ढवळणे सौम्य ठरेल. पण त्याच आकृतीचे दोन हजार लिटरचे पात्र घेतले, तर पाते दसपट लांब होते, आणि तेवढ्याच फेऱ्यांत पात्याच्या टोकाचा वेग दसपट वाढून नाजूक पेशींची चाळण होऊ शकते. आकडा तोच, अर्थ निराळा! नव्या कारखान्याची आखणी जुन्या आकड्यांवरून करावयाची, तर हे आकडे आधी एका भाषेत बोलले पाहिजेत.

नावातील घोटाळा किती महाग पडतो याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ साली तेथे प्लेगची लस सिद्ध केली. पुढे पंजाबातून मोठी मागणी आली, तेव्हा १९०२ साली कृती पालटली: जंतू रश्शाऐवजी अगरवर वाढविले आणि शेवटचे कार्बॉलिक आम्ल वगळून उष्णतेवर भिस्त ठेविली. ३० ऑक्टोबर रोजी मल्कोवाल गावी एका कुपीतून टोचलेल्या एकोणीस जणांस धनुर्वात झाला व ते सर्व दगावले. चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेच्या माथी मारला. कुपी उघडणाऱ्याच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, या साक्षीचे महत्त्व मानले जाऊन हाफकिन निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडले. कोणतीही परिभाषा पडत्या चिमट्यास थांबवू शकली नसती, हे उघड आहे. परंतु दोन भिन्न विधींनी झालेले द्रव ‘प्लेगची लस’ या एकाच नावाने वावरत होते, आणि त्या फरकाभोवतीच आयोगाचा संशय घुटमळला, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

यावर आधुनिकांनी योजलेल्या उपायास ऑन्टॉलॉजी म्हणतात. आम्ही तिला पदार्थकोश म्हणू. कारण वैशेषिकांच्या द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष व समवाय या पदार्थांची आठवण ती पाहून झाल्यावाचून राहत नाही. त्यात प्रत्येक संज्ञेस एक क्रमांक, एक व्याख्या आणि ती कशाचा प्रकार व कशाचा अवयव हे सांगणारे संबंध जोडलेले असतात, आणि ते संगणकासही वाचता येतात. गुण द्रव्यावाचून राहत नाही, हे तर्कसंग्रह वाचलेल्यांस ठाऊकच आहे. येथेही ‘३७’ हा आकडा कोणत्या द्रव्याचा गुण, कोणत्या एककात, कोणत्या क्रियेच्या वेळी मोजलेला, हे सांगितल्याखेरीज तो नोंदीत शिरत नाही. माशी, यीस्ट व उंदीर यांवर काम करणाऱ्या संशोधकांनी १९९८ साली जनुकांच्या कार्यांसाठी असा कोश आरंभिला. टिकून राहणाऱ्या वस्तू आणि काळात घडणाऱ्या क्रिया असा मूळ भेद करणाऱ्या एका पायाभूत कोशास २०२१ साली आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जाही मिळाला.

त्याच वर्षाच्या आरंभी ऑक्सफर्डची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून देशभर जाऊ लागली. एका देशातील कृती दुसऱ्या देशी वठविताना शब्दाशब्दाचा अर्थ जुळवावा लागतो. त्यात जाणारा काळ वाचला, तर तो रोग्याच्या पदरी पडतो.

मात्र हे काम कंटाळवाणे आहे. जुन्या वह्या कोशाबरहुकूम लावणे कोणासच नको असते, आणि कारखानदार आपली गुपिते उघडी पडतील म्हणून बिचकतात. त्या मुलीच्या वरिष्ठांनी तर ‘आमचे आम्हांस कळते’ म्हणून तिची सूचना दोनदा परत पाठविली. ती तिसऱ्यांदा लिहिते आहे.

आम्ही निघण्यापूर्वी तिने धावड्यास एक तापमापक पाठविला. आजींचे बोट जेथे ‘कोमट’ म्हणाले, तेथे काटा ४६ अंशांवर होता. तो आकडा पुण्यास कळविला. उलट टपाली प्रश्न आला: भांडे मातीचे की स्टीलचे, आणि विरजण किती चमचे? आजींनी चमचा हातात घेऊन तो बराच वेळ न्याहाळला.