बालीतला लहरता सूर

समजा, काशाच्या दोन पट्ट्या आहेत. दिसायला सारख्या, एकाच सुरासाठी घडवलेल्या. एकीची कंपनं सेकंदाला २२० असतील, तर बाली बेटावरचा कारागीर तिची जोडीदार २२७च्या आसपास लावतो. चुकून नव्हे, मुद्दाम, कानस हातात घेऊन! पट्टी खालून मधोमध घासली की सूर उतरतो, टोकाकडे घासली की चढतो. क्लुंगकुंग भागातल्या तिहिंगन गावात गामेलान या तिथल्या वाद्यवृंदाची वाद्यं घडवणारी घराणी हेच काम करत आली आहेत.

या दोन पट्ट्या एकदम वाजल्या की आवाज सेकंदाला सात वेळा फुगतो आणि ओसरतो. बालीत याला ‘ओंबाक’, म्हणजे लाट, म्हणतात. वाद्यवृंदातली पट्ट्यांची बहुतेक वाद्यं अशी जोडीने असतात: किंचित उतरलेलं वाद्य ‘पंगुम्बांग’, किंचित चढलेलं ‘पंगिसेप’. पियानो जुळवणाऱ्याला हीच लाट ऐकू आली तर तो तार पिळून ती नाहीशी करेपर्यंत थांबणार नाही. बालीच्या वादकाला मात्र लाटेविना सूर निर्जीव वाटतो.

मला यात सर्वांत थरारक वाटतं ते हे, की हवेतली कंपनं दोघांच्याही कानांवर अगदी तीच पडतात. दोष की जीव, हे ठरतं ते कान कुणाच्या सहवासात वाढला त्यावरून. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो, आणि त्यातून उठणाऱ्या गुंजनाशिवाय आपला गवय्या गायला बसत नाही.

मग काही सूरसंगती तरी माणसाला जन्मतःच गोड वाटत असतील ना? २०१६ साली ‘नेचर’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बोलिव्हियाच्या जंगलात राहणाऱ्या, पाश्चात्त्य संगीताशी फारसा संबंध न आलेल्या त्सिमाने लोकांना पाश्चात्त्य कानाला गोड आणि कर्कश वाटणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या सूरसंगती ऐकवल्या. त्यांना दोन्ही सारख्याच आवडल्या.

कान घडतो कसा, हे बालीतल्या तालमीत उघड दिसतं. लहान पोर बापाच्या मांडीवर बसून तालीम ऐकत असतं. पुढे शिकायला बसलं की गुरू वाद्याच्या पलीकडे, समोरासमोर बसतो आणि त्या बाजूनेच, म्हणजे स्वतःला उलट्या पडणाऱ्या पट्ट्यांवर, वाजवतो. शिष्याने त्याच्या हातोडीकडे बघत मागोमाग जायचं. कागद नाही, स्वरलिपी नाही. उजव्या हाताने नवी पट्टी वाजवायची आणि डाव्या हाताने आधीची चिमटीत धरून थांबवायची. हे दोन्ही हातांना एकदमच उमगावं लागतं. शिवाय एकट्याने शिकून भागत नाही, कारण अनेक वेगवान सुरावटी दोघांत वाटलेल्या असतात. ‘पोलोस’ वाजवणाऱ्याच्या फटींत ‘सांगसिह’ वाजवणारा आपले सूर भरतो, तेव्हा कुठे धून पुरी होते. ती एकट्या कुणाचीच नसते.

अमेरिकी संशोधक मँटल हूड यांनी १९६० साली आग्रहाने मांडलं, की दुसऱ्यांचं संगीत नुसतं अभ्यासू नये, ते वाजवायला शिकावं, दुभाषी माणसाच्या दोन भाषांसारखी दोन संगीतं अंगी बाणवावीत. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी विद्यार्थ्यांना गामेलानसमोर बसवलं. वर्गात निव्वळ ध्वनिमुद्रण ऐकवून ‘जगातलं संगीत’ उरकणाऱ्या अभ्यासक्रमांपेक्षा हा मार्ग मला कितीतरी प्रामाणिक वाटतो.

हातात हातोडी घेतल्यावरच कळतात अशा गोष्टींत एक आहे मोठ्या गाँगची जागा. पाश्चात्त्य पद्धतीत वाढलेला विद्यार्थी चारांतल्या पहिल्या मात्रेवर जोर देतो. गामेलानमध्ये वजन शेवटच्या मात्रेवर असतं आणि आवर्तन संपतं तिथेच गाँग पडतो. नवखा ‘एक’ म्हणून गाँगवर मोजायला लागतो आणि सगळी मांडणीच एका मात्रेने सरकते. तीनतालाच्या सवयीच्या कानाला हे कदाचित लवकर पटेल. सम मोजायला पहिली मात्रा खरी, पण गवय्या तिच्यापासून निघत नाही, तो तिच्यावर येतो.