घरगुती सर्व्हर आणि त्यांतील कप्प्यांचा बंदोबस्त

जुन्या वाड्यांत धान्याची कोठी सर्वांची मिळून एक असे. प्रत्येकाची ट्रंक मात्र निराळी, आणि तिची किल्ली ज्याच्या त्याच्याजवळ. आजच्या शहरी घरांत कोठीचें हें काम पुष्कळ ठिकाणीं एक लहानसा संगणक करूं लागला आहे. कपाटाच्या माथ्यावर किंवा राउटरशेजारीं तो अहोरात्र चालू असतो, आणि घरांतील छायाचित्रें, प्राप्तिकराचे कागद, विम्याच्या पावत्या, मुलांचीं टिपणें, दवाखान्याचे अहवाल हें सारें त्याच्या पोटांत सांठत जातें. घरांतील कोणींहि आपल्या टेबलावरून अथवा हातांतल्या फोनवरून मागावें आणि त्यानें तें काढून द्यावें, अशी ही सोय. अशा संगणकास फाइल सर्व्हर म्हणतात, व तो पुष्कळदां लिनक्स ह्या प्रणालीवर चालतो.

अडचण उद्भवते ती अशी, कीं कोठी घरांत येते, पण ट्रंका वेगळ्या करावयाच्या राहून जातात. थोरल्या मुलीनें ठेवलेला आपल्या तपासणीचा अहवाल धाकट्या भावाच्या पडद्यावर सहज उघडतो. जागा मोकळी करण्याच्या भरांत शाळकरी मुलगा वडिलांनीं वीस वर्षें जमविलेलीं छायाचित्रें पुसून टाकतो. पहिल्या प्रकारांत मनाला लागतें आणि दुसऱ्यांत गेलेली वस्तु परत येत नाहीं. दोन्ही ठिकाणीं दुष्टावा कोणाचाच नसतो. बंदोबस्त केलेला नसतो, इतकेंच.

वास्तविक ह्या प्रणालीचा जन्मच अनेकांनीं एक यंत्र वापरण्याच्या गरजेंतून झालेला आहे. लिनक्सचा आरंभ १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें केला. परंतु तिचा आराखडा युनिक्सचा, आणि युनिक्सचें काम १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनीं सुरू केलें होतें. त्या काळीं संगणक ही अतिशय महाग वस्तु. एका यंत्रावर अनेक जण बसत, म्हणून 'ही वस्तु कोणाची?' हा प्रश्न यंत्रालाच विचारावा लागे. आजहि लिनक्समधील प्रत्येक फाइलीवर आणि प्रत्येक कप्प्यावर (ज्यास संगणकाच्या भाषेंत फोल्डर म्हणतात) एका मालकाचें व एका गटाचें नांव लिहिलेलें असतें. मालक, गट आणि इतर अशा तीन प्रकारच्या माणसांस वाचणें, लिहिणें व चालविणें ह्या तीन गोष्टींची परवानगी द्यावयाची कीं नाहीं, तें त्या नांवापुढें नोंदलेलें असतें. वाचण्यास ४, लिहिण्यास २ व चालविण्यास १ असे गुण धरून त्यांची बेरीज करतात. ७५० ह्या अंकाचा अर्थ असा, कीं मालकाला सर्व अधिकार, गटाला वाचण्याचा व चालविण्याचा, आणि इतरांना कांहींच नाहीं. हे अंक बदलण्याची आज्ञा म्हणजे 'चमोड'. मालक बदलण्याची आज्ञा ती 'चौन'.

येथवर सारें सोपें आहे. घोटाळा होतो तो कप्प्याच्या बाबतींत, कारण फाइलीला लागू पडणारे हे तीन शब्द कप्प्याला निराळ्या अर्थानें लागतात. कप्पा 'वाचणें' म्हणजे त्यांतल्या वस्तूंच्या नांवांची यादी पाहणें. कप्पा 'चालविणें' म्हणजे त्याच्या उंबरठ्यावरून आंत जाणें. यादी पाहण्याची बंदी असून प्रवेशाची मोकळीक असेल, तर ज्याला फाइलीचें नांव आधींच ठाऊक आहे तो ती उघडूं शकतो. तेव्हां नुसती यादी झांकून गुप्तता साधली, असें समजूं नये. आणि कप्प्यांत 'लिहिणें' म्हणजे त्या यादींत नवें नांव घालणें किंवा असलेलें नांव काढून टाकणें. ही शेवटची गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. एखादी फाइल नाहींशी करण्याचा अधिकार त्या फाइलीवर अवलंबून नसतो. ती ज्या कप्प्यांत आहे त्या कप्प्यावर अवलंबून असतो. वडिलांनीं छायाचित्रांच्या प्रत्येक फाइलीवर 'केवळ वाचावें' असा शिक्का मारला, पण कप्पा सर्वांना लिहावयास मोकळा ठेवला, तर मुलाला त्यांतील एक अक्षरहि बदलतां येणार नाहीं, मात्र संपूर्ण फाइल फेंकून देतां येईल. चित्रावर ओरखडा काढण्याची मनाई आणि चित्र भिंतीवरून उतरवून रद्दींत घालण्याची मुभा, असा हा विचित्र न्याय आहे. ह्या एका गैरसमजापायीं जितकीं छायाचित्रें जात असतील तितकीं चोरानें जात नसावींत.

आतां घर मांडून पाहूं. आईवडील, मुलगी आणि मुलगा अशीं चार माणसें आहेत. चौघांस चार स्वतंत्र नांवें व परवलीचे शब्द द्यावे. एकाच नांवानें सर्वांनीं वावरावयाचें ठरविलें, तर पुढील सर्व विवेचन व्यर्थ होय. प्रत्येकाच्या खासगी कप्प्याला ७०० हा अंक द्यावा, म्हणजे मालकाखेरीज कोणी उंबरठा ओलांडणार नाहीं. हें आपोआप झालेलें असेल असें गृहीत धरूं नये. उबंटु ह्या लिनक्सच्या प्रसिद्ध आवृत्तींत २०२१ सालापूर्वीं नवा सदस्य नोंदला कीं त्याचा घरकप्पा इतरांना उघडाच राही. त्या सालच्या एप्रिल महिन्यांतील आवृत्तीपासून तो ७५० झाला. पण आधींचे जुने कप्पे सर्व्हरवर तसेच राहिलेले असूं शकतात.

हिशेबाच्या कागदांसाठीं आईवडील दोघांचा एक गट करून त्या कप्प्यास २७७० हा अंक द्यावा. पुढचा २ म्हणजे 'सेट-जीआयडी' ह्या नांवाची खूण. ती असली म्हणजे त्या कप्प्यांत निर्माण होणारी प्रत्येक नवी फाइल कप्प्याच्याच गटाची होते. ती नसल्यास वडिलांनीं लिहिलेला हिशेब वडिलांच्या गटाचा आणि आईनें लिहिलेला आईच्या, असें होऊन चार दिवसांनीं दोघेंहि सर्व्हरला दोष देऊं लागतात.

छायाचित्रांची गोष्ट थोडी नाजूक आहे. सर्वांना पाहतां आलीं पाहिजेत, सर्वांना भर घालतां आली पाहिजे, पण पुसतां मात्र कोणाला येऊं नयेत. ह्याला कचेरींतील आवक-जावकीची पद्धत उत्तम. संग्रहाचा कप्पा आईच्या मालकीचा करून त्यास सर्व कुटुंबाचा गट व २७५० हा अंक द्यावा. म्हणजे इतरांना पाहण्याचा अधिकार मिळतो, फेरफाराचा नाहीं. शेजारीं 'आवक' नांवाचा दुसरा कप्पा, तोहि आईच्याच मालकीचा आणि त्याच गटाचा, करून त्यास ३७७० हा अंक द्यावा. ह्या ३ मध्यें वरील २ तर आहेच, शिवाय १ ह्या अंकाची 'स्टिकी' नांवाची खूणहि आहे. तिच्यामुळें त्या कप्प्यांत टाकलेली वस्तु टाकणाऱ्यानें किंवा कप्प्याच्या मालकानेंच काढावी, इतरांनीं नव्हे, असा निर्बंध येतो. सर्वांनीं आवकेंत चित्रें टाकावींत आणि आईनें सवडीनें तीं संग्रहांत घ्यावींत. घेतांना मात्र फाइल नुसती सरकवूं नये, तिची नक्कल करावी. सरकविलेली फाइल आपला जुना मालक बरोबर घेऊन जाते, म्हणून मुलानें टाकलेलें चित्र संग्रहांत गेल्यावरहि मुलगा तें पुसूं शकला नाहीं तरी खरडूं शकतो. नक्कल मात्र नक्कल करणाऱ्याच्या नांवावर चढते.

ही आंतल्या खोल्यांची व्यवस्था झाली. पण घरांतील माणसें सर्व्हरशीं थेट बोलत नाहींत. त्यांचे संगणक विंडोजचे किंवा ॲपलचे असतात, आणि मध्यें दुभाषाचें काम 'सांबा' हा कार्यक्रम करतो. ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा येथें अँड्र्यू ट्रिजेल ह्यांनीं १९९२ च्या सुमारास तो प्रथम सिद्ध केला. एस, एम, बी हीं तीन अक्षरें क्रमानें ज्यांत येतात असा शब्द शब्दयादींत धुंडाळतांना नृत्याचें हें नांव त्यांस सांपडलें. सांबाला देवडीवरचा पहारेकरी समजावें. 'व्हॅलिड यूजर्स' ह्या सदराखालीं ज्यांचीं नांवें लिहिलीं असतील त्यांनाच तो आंत सोडतो. त्याची परवलीच्या शब्दांची वही लिनक्सच्या वहीहून वेगळी असते, व तींत प्रत्येकाचें नांव निराळें नोंदावें लागतें. पहारेकऱ्यानें सोडलें आणि खोलीचें दार बंद असलें, तरी माणूस बाहेरच राहतो; उलट दार उघडें असून पहारेकऱ्यानें अडविलें, तरीहि बाहेरच. म्हणून दोहोंपैकीं जो अधिक कडक, त्याचा हुकूम सामान्यतः चालतो. पुष्कळ जण केवळ पहारेकऱ्यावर भिस्त ठेवून खोल्या उघड्या टाकतात. मग कोणी दुसऱ्या वाटेनें, म्हणजे 'एसएसएच'च्या मार्गानें आंत आला, तर त्याला अडविणारें कोणी उरत नाहीं. शिवाय सांबा आपल्या मूळच्या संवयीप्रमाणें नव्या फाइलींवर गटाचा लिहिण्याचा अधिकार ठेवीत नाहीं. 'क्रिएट मास्क' व 'डिरेक्टरी मास्क' हीं सदरें भरून तें त्याला सांगावें लागतें.

कांहीं चालेनासें झालें कीं सगळ्याला ७७७ हा अंक देऊन मोकळें होण्याची एक प्रथा पडली आहे. कुलूप अडतें म्हणून दारच उचकटून ठेवण्याचा हा प्रकार होय. बहुतेक वेळां दुखणें निराळेंच असतें. गटांत नुकतें घातलेल्या माणसानें पुन्हा नव्यानें प्रवेश केलेला नसतो, आणि तोंवर जुनेंच गटनांव चालू राहतें. किंवा बाहेरच्या एखाद्या कप्प्याचा उंबरठाच बंद असतो. किंवा बाजारांतून आणलेली जोड-डिस्क 'एक्सफॅट' पद्धतीची असते. ह्या पद्धतींत मालक व गट लिहावयास जागाच नाहीं, म्हणून तीवर कितीहि वेळां 'चमोड' केलें तरी पाटीवर पाण्यानें लिहिल्यासारखें होतें. अशी डिस्क सर्व्हरला कायमची जोडावयाची असल्यास ती आधीं लिनक्सच्या 'ईएक्सटी४' पद्धतीनें मांडून घ्यावी. परंतु त्यांत जुना मजकूर जातो, म्हणून तो प्रथम दुसरीकडे उतरवून ठेवावा.

बंदोबस्त पुरा झाल्यावर प्रत्येकाच्या नांवानें एकेकदां शिरून पाहणें अवश्य आहे. मुलाच्या नांवानें मुलीचा कप्पा उघडावा, संग्रहांतील एखादें मुद्दाम ठेवलेलें निरुपयोगी चित्र पुसावें. यंत्रानें दोन्ही वेळां नकार दिला तरच काम झालें.

एक मनुष्य ह्या सर्वांच्या बाहेर राहतो. 'रूट' हा सर्व्हरचा सर्वाधिकारी. त्याला ७०० अंकाचा अडसर नाहीं. घरांत हें पद बहुधा वडिलांकडे किंवा ज्याला हौस आहे अशा मुलाकडे असतें. म्हणजे मुलीनें आपला अहवाल खासगी कप्प्यांत ठेवला, तरी एक माणूस तो वाचूं शकतोच, आणि हें तिला आधीं सांगितलें पाहिजे. ज्याला तेवढीहि मोकळीक द्यावयाची नसेल त्यानें कागद आपल्याच संगणकावर सांकेतिक रूपांत बदलून मग सर्व्हरवर ठेवावा. डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स यंत्राला जोडली, तर तेथील रूटलाहि वरील कोणतेच अंक बांधीत नाहींत. दुरुस्तीला यंत्र देतांना हें विसरूं नये. संपूर्ण डिस्क सांकेतिक करण्याची 'लक्स' नांवाची सोय लिनक्समध्यें आहे, आणि बंद यंत्रापुरतें ती चांगलें संरक्षण देते. मात्र तिचा परवलीचा शब्द हरवला तर आंतील मजकूर कोणालाहि परत मिळत नाहीं. म्हणून तो शब्द आणि रूटचा शब्द कागदावर लिहून, लखोटा बंद करून, घरच्या दस्तऐवजांबरोबर ठेवावा, आणि तो कोठें ठेवला आहे हें घरांतील दोघांना तरी ठाऊक असावें.