घराआधी घरठाण

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांना त्याचा सर्वांत मोठा तडाखा बसला. काही तासांत कौले उडाली, पत्रे झाडांवर जाऊन अडकले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नंतर तलाठी आणि ग्रामसेवक घरोघर फिरले व पंचनामे झाले. पंचनाम्याच्या कागदावर घराची मोजदाद मुख्यतः दोन सदरांत होते : पूर्णतः पडझड आणि अंशतः पडझड. पूर्ण पडलेल्या पक्क्या घरासाठी आपत्तीनिवारणाच्या नियमांत ९५,१०० रुपयांची तरतूद होती. राज्य शासनाने ती दीड लाखापर्यंत वाढविली. ही मदत आवश्यक होती आणि ती वाढविणे योग्यही होते. तथापि, त्या दोन सदरांत न मावणारे असे बरेच काही त्या दिवशी कोसळले होते. ते काय होते हे नीट ध्यानी घेतल्याविना रायगड किनाऱ्यावरील घरांच्या प्रश्नाचे स्वरूप उमगणे कठीण आहे.

शहरातील नोकरदाराचे घर आणि त्याची रोजी या दोन वेगळ्या जागा असतात. सकाळी दाराला कुलूप लावून माणूस कचेरीत जातो आणि सायंकाळी विश्रांतीसाठी परततो. किनाऱ्यावरील घराची गोष्ट निराळी आहे. कोळ्याच्या पडवीत जाळी विणली जातात, सांधली जातात; अंगणात बोंबील, जवळा वाळतो; पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी माळ्यावर साठते. श्रीवर्धनच्या बागाईतदाराच्या घरामागेच वाडी असते, आणि पुढच्या खळ्यात सुपारी सुकते व सोलली जाते. पेण आणि त्याच्या आसपासच्या हमरापूर, जोहे या गावांत राहत्या घरांना लागूनच गणपतीचे कारखाने आहेत व घरातील लहानथोर सारे त्यात राबतात. नागाव, काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर येथे माजघराशेजारच्या दोन खोल्या पर्यटकांना देऊन आणि चुलीवरचे जेवण वाढून शेकडो कुटुंबे संसार चालवितात. म्हणजे येथे घर हे एकाच वेळी निवारा, कारखाना, कोठार आणि दुकान असते. असे घर पडते तेव्हा कुटुंबाचे छप्पर आणि त्याची मिळकत एकाच क्षणी जाते. २०२० साली टाळेबंदीमुळे पर्यटकांची ये-जा मार्चपासूनच बंद झालेली होती; जूनमध्ये खोल्यांवरचे छप्परही गेले. छप्पर एका महिन्यात पुन्हा घालता येते, पण पोफळ फळाला येण्यास सहा-सात वर्षे लागतात.

हे नाते न्यायालयानेही ओळखले आहे. मुंबईतील पदपथवासीयांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली दिलेल्या निर्णयात जगण्याच्या हक्कात उपजीविकेच्या हक्काचा समावेश होतो हे मान्य केले आणि माणसाला राहत्या जागेवरून उठविणे म्हणजे त्याची रोजी हिरावून घेणे ठरते, हा युक्तिवाद स्वीकारला. त्या पदपथवासीयांना जागा सोडावी लागली हे खरे; पण त्या निकालातील तत्त्व पदपथापुरते मर्यादित राहिले नाही.

आता प्रश्न असा की, घराला इतके महत्त्व असताना ते ज्या भूमीवर उभे आहे ती भूमी कोणाची? रायगड किनाऱ्यावर या प्रश्नाचे उत्तर अनेकांपाशी नाही. त्यांत सर्वांत बिकट अवस्था कातकऱ्यांची आहे. या जमातीची महाराष्ट्रातील सर्वांत मोठी वस्ती याच जिल्ह्यात आहे. खोत-सावकारांनी शेतीच्या, कोळसा पाडण्याच्या वा मिठागरांच्या कामासाठी कातकऱ्यांना आपल्या जमिनीच्या कडेला वसविले. त्यासाठी कागद झाला नाही. तोंडी मुभा पुरेशी होती. पुढे खोती गेली, जमिनीचे मालक बदलले, पण वाडी तेथेच राहिली. सात-बाराच्या उताऱ्यावर मात्र नाव दुसऱ्याचेच. जमीन स्वस्त होती तोवर त्याची फिकीर कोणाला नव्हती. जमिनीला मुंबईचे गिऱ्हाईक मिळू लागले, तेव्हा त्याच वाडीभोवती कुंपणे पडू लागली.

कातकऱ्याच्या जीवनातील विसंगती अशी की, दिवाळीनंतर तो उचल घेऊन कुटुंबासह वीटभट्टीवर जातो आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततो. इतरांच्या पक्क्या घरांसाठी हजारो विटा पाडणारी ही माणसे भट्टीच्या काळात तट्ट्याच्या झोपड्यांत राहतात आणि परतल्यावर ज्या कुडाच्या घरात येतात त्याखालची जमीनही त्यांची नसते. उचल घ्यावी लागते, कारण बँकेपाशी ठेवावयास तारण नाही. तारण नाही, कारण घरठाण नावावर नाही. भट्टीवर गेल्याने मुलांची शाळा सुटते आणि शिक्षण नसल्याने पुढच्या पिढीलाही पुन्हा उचलच घ्यावी लागते. ज्या शिक्षकांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरीपटावरील रिकामे रकाने पाहिले आहेत त्यांना हे चक्र अधिक स्पष्ट करून सांगण्याची आवश्यकता नाही.

येथे एका जुन्या कायद्याचे स्मरण करून देणे उचित होईल. अलिबागजवळच्या चरी येथील कुळांनी १९३३ साली सुरू केलेला संप सहा वर्षे चालला. कुळांच्या हक्कांसाठीच्या अशा लढ्यांनंतर १९४८ चा कुळकायदा आला. या कायद्याविषयी बोलताना ‘कसेल त्याची जमीन’ एवढेच आठवले जाते. परंतु मालकाच्या जागेवर राहते घर बांधलेल्या कुळाला त्या घरातून हुसकावता येणार नाही आणि ती जागा विकावयाची झाल्यास ती विकत घेण्याचा पहिला हक्क त्याचाच राहील, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. आणि तिचा लाभ शेतमजूर व कारागीर यांनाही देण्यात आलेला आहे. ‘राहील त्याचे घरठाण’ हे तत्त्व म्हणजे आजची कोणाची अवास्तव मागणी नव्हे. ते विधिमंडळाने पाऊणशे वर्षांपूर्वीच स्वीकारलेले आहे. गावठाणाची हद्द ठरविण्याचा व वाढविण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेने जिल्हाधिकाऱ्यास दिला आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीची.

घरकुल योजनांचे अडते ते नेमके येथेच. १९८५ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली. २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात आदिम जमातींसाठी सुरू झालेल्या जनमन अभियानात घरामागे २ लाख रुपये देण्याचे ठरले. कातकरी या अभियानाचे सरळ लाभधारक आहेत. पैसा आहे, यादीत नाव आहे. परंतु घर बांधावयाचे कोठे? जागेचा पुरावा मागितला जातो आणि फाईल तेथेच थांबते. जागा खरेदीसाठी राज्य शासन वेगळे साहाय्य देते. त्याची मर्यादा प्रारंभी ५० हजार होती, ती पुढे १ लाख करण्यात आली. मात्र ज्या पट्ट्यात गुंठ्याचे भाव मुंबईचे ग्राहक ठरवितात तेथे एवढ्या रकमेत जागा मिळणे दुरापास्त आहे.

जिल्ह्याच्या उत्तर टोकाला प्रश्नाचे रूप पालटते. मूळ मात्र तेच राहते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून पुढे विकसित भूखंडाचे साडेबारा टक्क्यांचे तत्त्व मान्य झाले. शेती गेली आणि गावठाणाची सीमा मात्र जुनीच राहिली. कुटुंबे वाढली, मुलांची लग्ने झाली, भावांनी वेगळ्या चुली मांडल्या. गावठाणाबाहेर आपल्याच पूर्वजांच्या जमिनीवर घर बांधणारा आगरी मनुष्य अनधिकृत ठरला. या बांधकामांना ‘गरजेपोटी बांधकामे’ असे नाव पडले, यातच सारे आले. ती नियमित करण्याचे निर्णय एकाहून अधिक वेळा घ्यावे लागले, कारण प्रत्येक वेळी वाढत्या कुटुंबाचा हिशेब मागाहून झाला. न्हावा-शेवा बंदरासाठी उठविलेल्या शेवा कोळीवाड्याला उरणजवळ नवी वसाहत मिळाली. परंतु तेथील घरे वाळवीने पोखरली आणि त्या माणसांना पुनर्वसनाचेही पुनर्वसन मागावे लागले.

कोळीवाड्यांची अडचण आणखी वेगळी आहे. १९९१ च्या सागरी किनारा अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामांवर नियंत्रण आणले. किनाऱ्याच्या रक्षणासाठी ते आवश्यकच होते. २०११ च्या अधिसूचनेने मच्छीमारांना १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात घरे बांधण्याची सवलत दिली. तथापि, कोळ्याचे घर होडीच्या हाकेच्या अंतरावर असते. ते शंभर मीटर मागे नेले की त्याचा धंदाही मागे पडतो. जुन्या घराची डागडुजी करता येते, पण मुलाच्या संसारासाठी नवी खोली काढावयाची तर नियम आडवा येतो. याच किनाऱ्यावर किहीमला उभा राहिलेला एक आलिशान बंगला २०१९ च्या मार्चमध्ये सुरुंग लावून पाडावा लागला. नियम कोळ्याच्या पडवीपाशी लगेच पोहोचतो. बंगल्यापर्यंत पोहोचावयास त्याला वर्षे लागतात.

या दोन घरांतील अंतर पुढे अधिकच वाढणार आहे. मांडव्याची रो-रो सेवा २०२० साली सुरू झाली; शिवडी ते न्हावा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला; नवी मुंबईचा विमानतळ २०२५ साली कार्यान्वित झाला. प्रवास सुखाचा झाला, रोजगारही येईल. परंतु दळणवळण सुधारले की जमिनीचा भाव चढतो, आणि ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला तो चढ लाभदायक ठरतो. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याच्या दृष्टीने तोच चढ हुसकावणीची नांदी होय. वर्षातले मोजके दिवस उघडणारे बंगले आणि त्यांची राखण करणाऱ्या माळ्याचे कागदावर नसलेले घर, हे चित्र विकासाचे म्हणता येईल काय?

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. गरिबांच्या नावे घरठाण केले तर दलाल ते दोन वर्षांत विकत घेतील, असे म्हटले जाते. हा धोका खरा आहे. त्यावर उपायही उपलब्ध आहेत. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस देण्यावर कायद्याचे कडक निर्बंध आहेतच. ते घरठाणालाही कटाक्षाने लागू करावेत. सनद पती-पत्नी दोघांच्या नावे द्यावी. घरातील स्त्रीची संमती आवश्यक ठरली की दारूच्या वा दडपणाच्या भरात होणारे व्यवहार पुष्कळसे थांबतील. विकला जाईल या भीतीने हक्कच न देणे, हा न्याय केवळ गरिबांनाच लावला जातो. नोकरदाराला घरबांधणीसाठी कर्ज देताना तो घर विकील काय, असे कोणी विचारीत नाही.

२०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी होऊन मिळकत-पत्रिका दिल्या जात आहेत. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु मोजणी गावठाणाची होते. आणि ज्यांचा प्रश्न सर्वांत तीव्र आहे त्या कातकरीवाड्या बहुधा गावठाणाबाहेर असतात. यास्तव अशा प्रत्येक वाडीची नोंद प्रथम व्हावी, गावठाण-विस्ताराचे प्रस्ताव ठरावीक मुदतीत निकालात निघावेत आणि कोळीवाड्यांच्या हद्दी नकाशावर याव्यात. घरकुलाचा हप्ता त्यानंतर.

वादळे पुन्हा येणार आहेत. तलाठी पुन्हा पंचनाम्याची वही घेऊन निघेल. त्या वेळी प्रत्येक पडलेल्या घरापुढे लिहावयास एक घरठाण आणि एक नाव असावे, एवढी तजवीज आधी करून ठेवणे शासनाच्या आवाक्यातील आहे.