थायरॅट्रॉन : दाराची नळी

थायरॅट्रॉन हे नाव ग्रीक ‘थुरा’वरून आले. थुरा म्हणजे दार. संस्कृत ‘द्वार’ आणि आपले ‘दार’ त्याच कुळातले. क्षणात हजारो अँपिअर सोडणारी ही नळी विद्यार्थ्यांना समजावताना मी नावापासूनच सुरुवात करतो.

दहा वॅटचा दिवा सेकंदात दहा ज्यूल ऊर्जा खर्चतो. तीच ऊर्जा धारित्रात साठवून एका मायक्रोसेकंदात सोडली, तर तेवढ्यापुरती शक्ती एक कोटी वॅट होते. रडारला आणि तांब्याच्या वाफेच्या लेझरला अशी स्पंदने लागतात, तीही सेकंदाला शेकडो-हजारो वेळा. यांत्रिक कळीचे ते काम नव्हे.

नळीत तापवलेले ऋणाग्र, समोर धनाग्र, मध्ये जाळी आणि सर्वत्र विरळ हायड्रोजन. जाळीला लहानसे स्पंदन दिले की वायू आयनित होतो, दार उघडते. मिटणे मात्र जाळीच्या हाती नाही. प्रवाह थांबून आयन निवेपर्यंत वाट पाहावी लागते. हायड्रोजन हलका, त्याचे आयन चटकन भिंती गाठतात. म्हणून तो निवडला.

रचनेतली खरी गंमत जाळी आणि धनाग्र यांच्यातील अंतरात आहे. जास्त व्होल्टता सोसायची तर अंतर वाढवावे, असे कुणालाही वाटेल. इथे उलटे. अंतर जेमतेम काही मिलिमीटर ठेवतात. इतक्या विरळ वायूत एवढ्याशा वाटेवर इलेक्ट्रॉनला रेणू भेटतच नाहीत, मग ठिणगी पेटणार कशी? (अगदीच चिकटवले, तर धातूतूनच इलेक्ट्रॉन ओढले जातात.) एका फटीला न पेलणारी व्होल्टता एकापुढे एक फटी रचून वाटून देतात.

इथे आपली भाषा अडखळते. व्होल्टतेलाही आपण ‘दाब’ म्हणतो, वायूच्या रेट्यालाही. या नळीत तर दोघांचे वैर! वायूचा दाब वाढवला की दार झटपट उघडते, पण विद्युत् दाब सोसण्याची ताकद घटते. म्हणून मी एकाला ‘व्होल्टता’च म्हणतो.

वापरता वापरता हायड्रोजन धातूत मुरून कमी होतो. त्यासाठी आत टायटॅनियम हायड्राइडची कुपी असते. ती तापवली की वायू सुटतो. कमी तापवली तर वायू अपुरा पडतो, आयन जोराने ऋणाग्रावर आदळून त्याचा लेप खातात. जास्त तापवली तर दार न सांगताच उघडते. अशा वेळी सूचनापत्रात नुसते ‘दाब कमी करा’ लिहिलेले असेल, तर वाचणाऱ्याचा हात कुपीच्या बटणाकडे जावा की व्होल्टतेच्या?