पक्ष्यांच्या शेपटीची उत्क्रांती

आजच्या पक्ष्यांच्या शेपटीतील शेवटचे मणके जुळून एकच आखूड हाड बनलेले असते. त्याच्या आधारे पिसांचा पंखा उघडतो व मिटतो. ही रचना कशी घडली, याची साक्ष जीवाश्म देतात.

१८६१ मध्ये जर्मनीतील सोल्नहोफेन परिसरातील चुनखडकात सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या आर्किऑप्टेरिक्सचा सांगाडा आढळला. त्याच्या जबड्यात दात होते आणि वीसहून अधिक मणक्यांच्या लांब शेपटीच्या दोन्ही बाजूंस पिसे होती. अशी शेपटी पुढे क्रमाक्रमाने आखूड होत गेली, असे त्यावरून वाटणे स्वाभाविक होते.

चीनमधील जीवाश्मांनी हे चित्र बदलले. सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीच्या जेहोलॉर्निसची शेपटी लांबच होती; मात्र तिच्या बुडाशी व टोकाशी पिसांचे दोन स्वतंत्र झुपके होते. कन्फ्युशिअसॉर्निसच्या शेपटीचे हाड आखूड होते, तरी पिसांचा पंखा नव्हता. काहींना फितीसारखी दोन लांब पिसे होती, ती बहुधा नराची शोभा असावी. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला बामिनॉर्निस तर जवळजवळ आर्किऑप्टेरिक्सच्याच काळातील असूनही आखूड शेपटीचा निघाला.

वर्गात उत्क्रांती शिकविताना शिडीऐवजी अनेक फांद्या फुटलेल्या वृक्षाचे चित्र काढणे म्हणूनच अधिक योग्य ठरते.